तिकिटाआधी टोचणी

‘आपण काय थंडीतली माणसं आहोत का? मे महिन्यात बेचाळीस अंशांत राहतो, आडाचं पाणी पिऊन वाढलो, डासांत झोपलो. आपल्याला तिकडं काय व्हायचंय?’ परदेशी निघालेल्या माणसाला तब्येतीची तयारी विचारली, की नांदेड-लातूरकडे हे उत्तर हमखास मिळतं. त्यातला भूगोल बरोबर आहे. लातूर साडेअठरा अक्षांशाच्या आसपास, नांदेड एकोणिसाच्या जरा वर. म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या बरेच खाली, उष्ण कटिबंधातच राहतो. मक्कासुद्धा आपल्या उत्तरेला येते. चुकतं ते पुढचं. ऊन सोसायची सवय ही मलेरियाची लस नव्हे, आणि गावच्या डासांनी लहानपणापासून चावे घेतले म्हणून युगांडातला डास आपल्याला ओळखीचा समजून सोडत नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या हातात पासपोर्ट आलाय, पण बाकी सगळं एजंटवर, टूरवाल्यावर किंवा गावातल्या आधी जाऊन आलेल्या माणसावर सोडलेलं आहे. असे लोक आता कमी नाहीत. हज-उमराला जाणारी कुटुंबं दोन्ही जिल्ह्यांत पहिल्यापासून आहेत. नीटचे गुण कमी पडले म्हणून डॉक्टरकीसाठी बाहेर जाणारी मुलं लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतूनच निघतात. साखर कारखान्यात हात बसलेला केमिस्ट, पॅनमन, फिटर हंगाम संपला की आफ्रिकेतल्या नोकरीची जाहिरात वाचतो. आणि लग्नानंतर बँकॉक-बालीला जाणं हे तर आता गावातल्या हॉलमध्ये रिसेप्शन ठेवण्याइतकं नेहमीचं झालंय.

या सगळ्यांची एकच चूक समान असते. तिकीट, व्हिसा, बॅग, डॉलर हे सगळं महिनाभर आधी. डॉक्टर मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात. लस टोचल्याबरोबर काम करत नाही. शरीराला संरक्षण उभारायला दहा-पंधरा दिवस लागतात, काही लसींचे दोन-तीन डोस महिन्याच्या अंतराने घ्यावे लागतात. म्हणून जायचं नक्की झालं की सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरकडे जावं. सोबत जुन्या लसींची कार्डं, चालू औषधांची चिठ्ठी आणि एक साधी यादी असावी: कोणत्या देशात, कोणत्या महिन्यात, शहरात की खेड्यात, किती दिवस, वाटेत कुठं उतरणार. ‘आफ्रिकेला चाललोय’ एवढ्या माहितीवर कोणताच डॉक्टर नीट सल्ला देऊ शकत नाही. नैरोबीच्या हॉटेलात चार दिवस राहणं आणि युगांडातल्या जिंजाजवळच्या ऊसमळ्यात दोन वर्षं काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आफ्रिकेला निघालेल्यांसाठी

युगांडातली साखर कारखानदारी गुजराती माणसांनी उभी केली. नानजी कालिदास मेहतांनी लुगाझीला १९२४ च्या सुमारास, मुळजीभाई माधवानींनी त्यानंतर थोड्याच वर्षांत काकिराला. तेव्हापासून भारतीय तंत्रज्ञ तिकडे जातच आहेत. पगार बरा असतो, राहायला घर मिळतं, भाषेचं अडत नाही. तिथल्या आजारांबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

पहिला विषय पीतज्वराचा, म्हणजे यलो फीवरचा. हा विषाणूजन्य आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागात आहे, भारतात नाही. पण तो पसरवणारा डास आपल्याकडे घरोघरी आहे. डेंग्यू पसरवतो तोच, एडिस इजिप्ती. पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. लातूरकरांना हे समजावायला फार बोलावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने शहराला पाणी आणावं लागलं होतं. नळाला आठवड्याने पाणी येतं त्या गावात प्रत्येक घरी ड्रम, टाकी, हौद भरलेला असतो. पीतज्वराचा एक रुग्ण अशा गावात येऊन तापात पडला, तर विषाणूला फक्त डास हवा असतो आणि डास इथं तयारच आहे. भारत सरकार या बाबतीत एवढं कडक का आहे, याचं उत्तर तुमच्या गच्चीवरच्या ड्रममध्ये आहे.

कडक म्हणजे किती? पीतज्वराच्या देशातून परतणाऱ्या माणसाकडे लसीचं ग्राह्य प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. ठेवतातही. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून सूट मिळत नाही. सगळा मामला जाण्याइतकाच येण्याचाही आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. युगांडा, घाना, कांगो हे देश उतरतानाच प्रत्येक प्रवाशाकडे कार्ड मागतात. केनिया थेट भारतातून येणाऱ्याला विचारणार नाही, पण तिथून मुंबईला उतरलात की आपल्याच विमानतळावर आरोग्य अधिकारी विचारेल. नैरोबीत किंवा अदिस अबाबात नुसतं विमान बदलणार असाल, तर विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकू नका. आत राहिलेल्याची गोष्ट वेगळी धरली जाते. एक रात्र हॉटेलात काढली, की त्या देशात जाऊन आल्यासारखंच झालं.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच टोचली जाते आणि तिथलंच प्रमाणपत्र चालतं. नांदेडकरांना सोयीचं पडतं ते हैदराबादच्या नारायणगुड्यातलं इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन. देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद गाठता येतं. लातूरकडच्यांना पुणे किंवा मुंबई. मुंबईत पोर्ट हेल्थ आणि सहारची एअरपोर्ट हेल्थ ही जुनी केंद्रं आहेत. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी उघडली की थोड्या वेळात संपवावी लागते. त्यामुळे केंद्रांचे वार आणि वेळा ठरलेल्या असतात. आधी नोंदणी न करता सकाळी जाऊन उभं राहिलात, तर ‘पुढच्या वारी या’ ऐकून परतीची गाडी धरावी लागेल. आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर केंद्रांची यादी असते. निघण्याआधी फोन करून वार विचारून घ्या. मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्स न्या, ॲलर्जी किंवा जुना आजार असेल तर त्याचे कागद न्या.

टोचून झाल्यावर पिवळी पुस्तिका हातात पडते. तिथेच, टेबलापासून हलण्याआधी, ती उघडून वाचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने हवं. आपल्याकडे आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव घालायचं की नाही, यात घोळ होतोच. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, लसीचा बॅच नंबर, टोचल्याची तारीख, डॉक्टरची सही आणि केंद्राचा शिक्का. यातला शिक्का पुसट आला असेल तर दुसऱ्यांदा मारून मागा, लाजू नका. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं. १ तारखेला टोचलं तर ११ पासून. एजंट म्हणाला ‘पुढच्या शुक्रवारी फ्लाइट’, तर आधी हे गणित करा. एक दिलासा असा, की जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ती आता लागू नाही. म्हणून पुस्तिका जपून, फोटो काढून, पासपोर्टसोबतच ठेवा.

लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. मॅक्स थायलर यांनी ती १९३७ मध्ये सिद्ध केली आणि १९५१ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. आजवर कोट्यवधी लोकांनी घेतलेली, भरवशाची लस. तरी ती सगळ्यांसाठी नाही. सहा महिन्यांखालचं बाळ, अंड्याची तीव्र ॲलर्जी, एचआयव्हीत प्रतिकारशक्ती खूप घटलेली असणं, कर्करोगाचे उपचार, दीर्घकाळ स्टिरॉइड, थायमस ग्रंथीचा आजार, अशांनी आधी सांगायलाच हवं. गरोदर बाई आणि साठीपुढचा पहिल्यांदा लस घेणारा माणूस यांच्या बाबतीत डॉक्टर फायदा-तोटा तोलून ठरवतात. न देण्याचं ठरलं तर तसं सूट-पत्र देतात, पण ते पत्र मान्य करायचं की नाही हा समोरच्या देशाचा प्रश्न. आणखी एक: ‘लस नको, कार्ड मॅनेज करून देतो’ म्हणणारे एजंट आहेत. बनावट कार्ड पकडलं गेलं तर परत पाठवतील हा त्यातला लहान धोका. मोठा धोका असा, की पीतज्वर गंभीर झाला तर त्यावर नेमकं औषध नाही.

आता मलेरिया. खरं तर आफ्रिकेला जाणाऱ्या मराठी माणसाचा जीव घेऊ शकणारा आजार हा आहे, पीतज्वर नव्हे. आणि त्यासाठी कुणी कार्ड मागत नाही, म्हणून कुणी तयारीही करत नाही.

डासातून मलेरिया पसरतो हा शोध रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत लागला, २० ऑगस्ट १८९७ रोजी. नांदेडही तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं, म्हणजे शोध आपल्याच परिसरातला. पण त्या शोधाला सव्वाशे वर्षं उलटल्यावर आज मराठवाड्यात मलेरिया इतका कमी झालाय, की तिशीतल्या कित्येकांना आयुष्यात एकदाही झालेला नसतो. जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक मलेरियाचे रुग्ण आफ्रिकेत आहेत आणि तिथला बहुतांश मलेरिया फाल्सिपेरम जातीचा. हा मेंदूवर जातो, मूत्रपिंड बंद पाडतो, आणि उपचाराला उशीर झाला तर दोन-तीन दिवसांत माणूस जातो. तिथला स्थानिक कामगार लहानपणापासून मलेरिया अंगावर काढत मोठा झालेला असतो, त्याच्या अंगात थोडी झुंज असते. तो गोळी घेत नाही, मच्छरदाणी लावत नाही, हसत फिरतो. नवा गेलेला लातूरकर त्याचं बघून महिन्याभरात आपलीही गोळी बंद करतो. इथं गाडी घसरते.

प्रतिबंधाच्या गोळ्या तीन प्रकारच्या आहेत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू, परतल्यावर चार आठवडे चालू. फिट्स किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर ही नको. डॉक्सिसायक्लिन रोज, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी, पण आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना चालत नाही, उन्हात कातडी भाजते आणि उपाशीपोटी घेतली तर पोटात जाळ होतो. जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवं पडू नये. तिसरी ॲटोवाक्वोन-प्रोग्वानिल, परतल्यावर फक्त सात दिवस, त्रास कमी, पण महाग आणि आपल्याकडे सगळ्या मेडिकलमध्ये मिळतेच असं नाही. यातली कोणती, हे डॉक्टरने ठरवायचं. फार्मसीवाला जुन्या सवयीने क्लोरोक्विनची पट्टी काढून देईल, ती नम्रपणे परत करा. आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर क्लोरोक्विनचा भरवसा केव्हाच संपलाय. गोळ्या इथूनच पुरेशा न्या. तिकडच्या बाजारात बनावट मलेरिया-औषधांचा सुळसुळाट ही जागतिक आरोग्य संघटनेची जुनी तक्रार आहे.

दोन-तीन वर्षांच्या नोकरीवर जाणाऱ्याला रोज गोळी जमणार नाही, हे खरं. तरी पहिले काही महिने आणि पावसाळे सोडू नका. पुढे काय, हे डॉक्टरशी आधीच बोलून घ्या. गोळी असो वा नसो, मच्छरदाणी सोडायची नाही. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. कीटकनाशक लावलेली दाणी घ्या, चारही बाजूंनी गादीखाली खोचा, नुसती लोंबकळत ठेवू नका. झोपण्याआधी आत टॉर्च मारून बघा. आत अडकलेला एक डास रात्रभर एकटाच मेजवानी करतो. संध्याकाळी पूर्ण बाह्या, मोजे, उघड्या अंगाला डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम. डीटचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर असलेलं घ्या आणि घाम आला की पुन्हा लावा. उन्हाचं क्रीम लावायचं असेल तर ते आधी, डीट वरून. कडुलिंबाचा धूर आणि नारळाच्या तेलात कापूर हे गावी ठीक आहे, तिकडे त्यावर विसंबू नये.

व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी

गोदावरीच्या घाटावर पोहायला शिकलेल्या नांदेडच्या पोराला पाणी दिसलं की राहवत नाही. लुगाझी, काकिरा हे कारखाने व्हिक्टोरिया सरोवराजवळ आहेत. जिंजाला तर नाईल सरोवरातून बाहेर पडते आणि तिथं १९४८ मध्ये गांधीजींच्या काही अस्थी विसर्जित केल्या होत्या, म्हणून भारतीय माणूस आवर्जून जातो. हात जोडा, फोटो काढा, पण पाण्यात उतरू नका. पायही बुडवू नका.

या पाण्यात एक गोगलगाय राहते आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म अळ्या आपल्या कातडीतून थेट आत शिरतात. पाणी प्यावंसुद्धा लागत नाही. आजाराचं नाव शिस्टोसोमियासिस, जुनं नाव बिलहार्झिया. मराठवाड्यात ज्यांनी नारू पाहिलाय त्या पिढीला कल्पना येईल. फरक एवढाच, की नारू पाण्यातून पोटात जायचा आणि पायातून बाहेर यायचा, हा कातडीतून शिरतो आणि आतच मुक्काम करतो. दोन-चार आठवड्यांनी ताप, खाज, खोकला. दुर्लक्ष झालं तर पुढे वर्षानुवर्षं लघवीतून किंवा शौचातून रक्त, यकृताला, मूत्राशयाला इजा. लस नाही. औषध आहे, प्राझिक्वांटेल, आणि ते चांगलं काम करतं. पाण्यात उतरलाच असाल तर दोन महिन्यांनी तपासणी करून घ्या आणि डॉक्टरला ‘व्हिक्टोरिया सरोवरात पोहलो’ हे स्पष्ट सांगा. नाहीतर इथं मूतखड्याच्या सोनोग्राफीतच सहा महिने जातील. क्लोरीन टाकलेल्या तलावात पोहायला हरकत नाही, समुद्राच्या पाण्यालाही ही भीती नाही.

हज आणि उमरा

हजच्या बाबतीत मात्र आपल्याकडची व्यवस्था बऱ्यापैकी लागलेली आहे. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी आरोग्य यंत्रणेमार्फत लसीकरण शिबिरं होतात. मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंजायटिसची चार प्रकारांवरची (एसीडब्ल्यूवाय) लस सक्तीची. ती सौदीत पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. ही सक्ती उगीच नाही. २००० आणि २००१ च्या हजमध्ये डब्ल्यू-१३५ जातीच्या जंतूची साथ आली, यात्रेकरूंनी ती घरोघर नेली, आणि त्यानंतर चार प्रकारांची लस अनिवार्य झाली. लाखो माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात तिथं खोकल्याच्या थेंबांतून पसरणारा जंतू किती वेगाने जाईल, याची कल्पना करा. सोबत पोलिओचे थेंब आणि वयस्करांना इन्फ्लुएंझाची लस दिली जाते. साठीपुढच्यांनी न्यूमोनियाच्या लसीबद्दलही डॉक्टरला विचारावं.

गडबड होते ती उमराला जाणाऱ्यांची. खासगी टूरने वर्षभरात कधीही जाता येतं, शिबिर नसतं, टूरवाला सांगतोच असं नाही. लसीचा नियम मात्र उमरालाही आहे. कार्डावर ‘कॉन्जुगेट’ असं लिहून घ्या. त्या प्रकारची लस पाच वर्षं ग्राह्य धरतात, दुसऱ्या प्रकारची तीन.

आता ऊन. ‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ हे वाक्य सर्वांत महाग पडतं ते इथं. २०२४ च्या हजमध्ये मक्केतल्या मुख्य मशिदीच्या परिसरात पारा ५१.८ अंशांवर गेला आणि सौदी सरकारने १,३०१ यात्रेकरूंच्या मृत्यूची नोंद दिली. त्यात बहुतेक जण परवान्याशिवाय गेलेले, सावली-तंबूची सोय न मिळालेले होते. हजचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तरी अजून काही वर्षं तो उन्हाळ्याच्या आसपासच राहणार. निघण्याच्या महिनाभर आधीपासून रोज चालायला सुरुवात करा. पहाटे अर्धा तास, मग तास, मग थोडं उन्हातही. आयुष्यभर दुकानात बसलेल्या माणसाला एकदम दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालवलं, तर पाय आधी थकतात आणि मग डोकं. छत्री पांढरी किंवा फिक्या रंगाची. तहान लागण्याची वाट न बघता पाणी. ओआरएसची पाकिटं रोजच्या पिशवीत हवीत, पण ती वापरायची पद्धत बहुतेक जण चुकवतात. अर्धी पुडी फुलपात्रात टाकून ढवळून पितात आणि उरलेली दुमडून ठेवतात. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. कमी पाण्यात मिसळलं तर क्षार जास्त होतात आणि तहान उलट वाढते.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. अर्धी हातातल्या बॅगेत, अर्धी सोबत्याकडे. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. पायांना जखम झालेली मधुमेह्याला कळतही नाही, म्हणून रात्री तळपाय उजेडात बघायचा. डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह हवी. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, प्रिगॅबलिन यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. गुडघेदुखीच्या आजोबांच्या पिशवीत यातलं एखादं सहज निघतं. आणि मावशी-काकूंसाठी खास: डब्यात अनारसे, खसखस घातलेले लाडू किंवा काळा मसाला देऊ नका. खसखस ही अफूची बी, आणि सौदी किंवा दुबईच्या विमानतळावर ती सापडली तर तिला मसाला म्हणत नाहीत.

डॉक्टरकीला निघालेली मुलं

फिलिपिन्सच्या दावाओसारख्या शहरात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत लातूर-नांदेडची मुलंही असतात. कन्सल्टंटच्या बैठकीत फी, मेस, वसतिगृह, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे (एनएमसी) नियम यांवर तासभर चर्चा होते. आईने विचारलेला ‘तिकडं कोणते आजार आहेत?’ हा प्रश्न सगळे हसून टाळतात. खरं तर तो त्या बैठकीतला सगळ्यात शहाणा प्रश्न.

हे मूल पाच-सहा वर्षं तिथं राहणार आणि तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात रुग्ण बघणार, त्यामुळे त्याची यादी पर्यटकापेक्षा लांब असते. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांवर असतात, म्हणजे बारावीच्या परीक्षेनंतर लगेच सुरुवात करायला हवी. ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर पोचायला २०११-१२ उजाडलं, त्याआधी जन्मलेल्या अनेकांना ती मिळालेलीच नाही. बाळपणीचं कार्ड शोधा. सापडत नसेल तर ‘घेतली असेल’ असं समजण्यापेक्षा पुन्हा घेणं बरं. गोवर-रुबेलाचा डोस नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत शाळेत मिळाला असेल. तरी दोन डोस झाल्याची खात्री करा. कांजिण्या झालेल्या नसतील तर त्यांची लस. जिवंत लसी एकाच दिवशी घेतल्या तर चालतात, नाहीतर मध्ये चार आठवड्यांचं अंतर लागतं. टायफॉइडची कॉन्जुगेट लस आणि टिटॅनस-डिप्थेरियाचा बूस्टर हे तर हवेतच.

हिपॅटायटिस एची गोष्ट जरा मजेशीर. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला ही कावीळ लहानपणी नकळत होऊन गेलेली असते, त्यांना आयुष्यभराचं संरक्षण असतं. आरओचं पाणी पिऊन वाढलेल्या मुलाला मात्र ते नसतं, आणि ऐन तारुण्यात ही कावीळ झाली तर महिना-दीड महिना अंथरूण. जितकं घर स्वच्छ, तितकी ही लस जास्त गरजेची.

रेबीजबद्दल वेगळं सांगायला हवं. फिलिपिन्समध्ये आणि बालीतही भटक्या कुत्र्यांत रेबीज आहे. आपल्याकडेही आहे म्हणून आपण सैल असतो. चावण्याआधी घ्यायच्या दोन-तीन डोसांचा फायदा असा, की नंतर कुत्रं चावलं तर जखमेत टोचायचं महागडं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, जे परक्या गावात रात्री अकरा वाजता मिळणं अवघड असतं. लस घेतलेली असो वा नसो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही नाही. आणि त्यानंतरचे डोस घ्यायलाच हवेत. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून अनवाणी चालल्याने लेप्टोस्पायरोसिस होतो. वसतिगृहाजवळ पाणी भरणारच, गमबूट घेऊन ठेवा.

हनिमूनला किंवा सुट्टीला आठवडाभर जाणाऱ्यांना एवढं सगळं लागत नाही. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, टिटॅनस बघून घ्यावं, डासांपासून जपावं, बर्फ घातलेलं सरबत आणि गाडीवर कापून ठेवलेली फळं टाळावीत, माकडांना हातातून खाऊ देऊ नये. जुलाब झाले तर आधी ओआरएस. ताप किंवा रक्त असेल तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका, डॉक्टर गाठा. प्रवास विम्यात रुग्णालयाचा आणि विमानाने परत आणण्याचा खर्च आहे का, हे बारीक अक्षरांत वाचा.

बहुतेक लसी नांदेड-लातूरमध्येच मिळतात. मोठ्या माणसाने बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात जायला संकोचू नये, कारण लसींचा फ्रीज आणि रोजचा सराव तिथंच असतो. सल्ल्यासाठी नांदेडचं विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय आहे.

शेवटची गोष्ट परतल्यानंतरची आहे, आणि ती घरच्यांनीही वाचावी. फाल्सिपेरम मलेरिया परतल्यावर महिनाभराने, क्वचित तीन महिन्यांनीही डोकं वर काढतो. तोवर बॅग माळ्यावर गेलेली असते आणि प्रवास विसरलेला असतो. गावच्या डॉक्टरने पावसाळ्यात आलेल्या तापाला व्हायरल किंवा डेंग्यू समजणं स्वाभाविक आहे. समोरचा माणूस युगांडातून आलाय हे त्याला कपाळावर दिसत नाही. म्हणून प्रवासानंतरच्या तीन महिन्यांत ताप आला, तर पॅरासिटामॉल घेऊन वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, कोणत्या देशातून कधी आलात हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि रक्ताची मलेरिया तपासणी करूनच बाहेर पडा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप चालू राहिला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा करा.